‘सर्वानुमते’ हा शब्द खोडायला लावणाऱ्या बाई

श्रीमती विमल माने यांच्याशी माझी ओळख झाली ती एका अपमानाने, असे मी पुष्कळ वर्षे मानत आलो. इस्लामपूरजवळच्या हायस्कुलात मी इतिहासाचा शिक्षक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. स्वातंत्र्यदिनी बोलायची संधी मिळाली आणि मी चाळीस मिनिटे बोललो. टाळ्या कडाडल्या. तरंगतच खाली उतरलो, तर चाळिशीच्या एक बाई समोर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “सर, बोलता छान. तिसऱ्या रांगेतल्या दोन मुली उन्हानं चक्कर येऊन खाली बसल्या. तुम्हाला दिसल्या का?”

मला दिसल्या नव्हत्या. बाईंनी त्या मुलींना शिक्षकांच्या खोलीत निजवले होते, साखरपाणी दिले होते, आणि मगच त्या माझ्याशी बोलायला आल्या होत्या.

त्या मराठी शिकवीत. वह्या तपासताना लाल शाई कधी वापरत नसत. पेन्सिलीने खुणा करीत. मी कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, “चूक माझीही असू शकते. मग खोडायला नको?” जत भागातून आलेल्या एका मुलीच्या कानडी वळणाच्या मराठीला वर्ग हसू लागला, तेव्हा बाई कोणालाही रागावल्या नाहीत. रोज तासाच्या सुरुवातीला तिच्याकडून पाच कानडी शब्द सगळ्या वर्गाने शिकायचे, असा नियम केला. आठवडाभरात हसणारेच तिच्याभोवती गोळा झाले. मधल्या सुट्टीत कोणाला कानडीत शिवी कशी द्यायची ते हवे होते. बाईंनी तिकडे कानाडोळा केला.

मिरजेला माझ्या घशाची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी दोन महिने एक अक्षर बोलायचे नाही असे बजावले. वक्त्याला यापेक्षा मोठी शिक्षा नाही. भेटायला येणारे सगळे हळहळत. बाई एसटीने आल्या. पिशवीतून पाटी आणि पेन्सिल काढून माझ्या उशाशी ठेवत म्हणाल्या, “एवढी वर्षं बोललात. आता पाटीवर मावेल तेवढंच बोला.” माझी पत्नी हसून हसून बेजार झाली. पुढे दर शनिवारी त्या येत राहिल्या. एकदाही सहानुभूतीचा शब्द न बोलता त्यांनी मला त्या दोन महिन्यांतून बाहेर काढले.

आता ज्या प्रसंगामुळे बाईंचे नाव सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत घेतले गेले, कुठे आदराने आणि कुठे शिवीसारखे, त्याकडे येतो. हा गौरवग्रंथ काढणाऱ्या त्यांच्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहींचे म्हणणे होते की अमृतमहोत्सवाच्या पुस्तकात असला विषय नको. मी बाईंनाच विचारले. त्या म्हणाल्या, “लिहायचं तर खरं लिहा. नाहीतर त्या पानावर साखर कारखान्याची जाहिरात घ्या. कागद तरी सत्कारणी लागेल.”

निवृत्तीनंतर बाई औंधच्या बाजूच्या आपल्या माहेरगावी राहायला गेल्या. यजमान वारले होते. शेजारीच धाकटे भाऊ दत्तात्रय यांचे घर. ते सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. घरात भावजय, तरुण भाचा अमर आणि सांगलीत परिचारिकेचे शिक्षण घेणारी भाची अश्विनी. दत्तात्रयांची आणि शेताला शेत लागून असलेल्या संपतची विहीर सामाईक होती. पाण्याच्या पाळीवरून कुरबुरी चालत. अशा कुरबुरी आपल्याकडे कोणत्या गावात नाहीत? पण एका दुपारी संपत कोयता घेऊन आला आणि त्याने दत्तात्रयांना, त्यांच्या पत्नीला आणि अमरला त्यांच्याच उंबऱ्यात ठार केले. अश्विनी वसतिगृहात होती म्हणून वाचली.

संपतला फाशीची शिक्षा झाली. वरच्या न्यायालयांनीही ती कायम केली. मग तुरुंगातून त्याने राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज केला. बातमी आली आणि गाव पेटले. अर्ज फेटाळावा अशी मागणी करणारा ग्रामसभेचा ठराव करायचे ठरले. वक्ता म्हणून मला बोलावले. ठरावाचा मसुदाही मीच लिहिला. कशाला लपवू? तो मी रागाच्या भरात लिहिला, आणि तो राग मला पवित्र वाटत होता.

शाळेपुढच्या पटांगणात सभा भरली. मी पाऊण तास बोललो. रक्त, उंबरा, सुभेदारांचा गणवेश, काहीही सोडले नाही. बाया पदर डोळ्यांना लावीत होत्या, तरुण मुठी वळीत होते. ठराव वाचून झाला. सरपंच अदबीने म्हणाले, “बाई, सूचक म्हणून तुमी सही करा. पयली सही तुमचीच शोभंल.”

बाईंनी कागद घेतला. चष्मा पुसला. शेवटपर्यंत वाचला. मग ग्रामसेवकाकडे वळून म्हणाल्या, “यातला ‘सर्वानुमते’ शब्द खोडा.”

ग्रामसेवक गोंधळला. “बाई, ठरावात तसंच लिवायची पद्धत हाय. गटाराचा ठराव आसला तरी सर्वानुमतेच आसतोय.”

“गटाराचा असू दे. हा माणसाच्या जिवाचा आहे. आणि माझी संमती नाही.”

 मग मागून एकजण ओरडला, “आवं बाई, तुमच्याच घरातली तीन माणसं गेल्यात न्हवं?”

“म्हणून तर बोलतेय, बाळू. तुझ्या घरातली गेली असती तर मी गप्प बसून तुझं ऐकलं असतं.”

तेवढ्यात अश्विनी उठली. तोवर ती सांगलीत नोकरीला लागली होती आणि या सभेसाठी रजा काढून आली होती. तिचा आवाज मोठा नव्हता. “आत्या, तो उंबरा मी धुतलाय. माझ्या हातांनी. तू बघत होतीस. माझी संमती आहे. लिहा माझं नाव.”

माझ्या पाऊण तासात जे नव्हते ते त्या पोरीच्या पाच वाक्यांत होते.

 बाई ग्रामसेवकाला म्हणाल्या, “तिचं म्हणणं लिहून घ्या. तिचं खरं आहे. माझंही लिहा.”

शेवटी ठराव झाला तो ‘बहुमताने, एक विरोध’ असा. सहीसाठी दुसरा सूचक शोधावा लागला.

मी तडक त्यांच्या घरी गेलो. पायताणसुद्धा काढले नाही. “बाई, तुम्ही त्या नराधमाला माफ केलंत?”

“चपला बाहेर काढा आधी,” त्या म्हणाल्या. मी काढल्या. “कोण म्हणालं माफ केलं? मी केलेलं नाही, करणारही नाही. माफी द्यायचा अधिकार ज्या तिघांचा होता ते तिघेही गेले. मी दयेच्या बाजूनं आहे. माफी आणि दया यातला फरक इतकी वर्षं वर्गात सांगत आले मी.”

“मला सांगा.”

“माफी म्हणजे तू केलंस ते मिटलं. दया म्हणजे तू केलंस ते मिटणार नाही, तरीही आम्ही तुझ्यासारखं करणार नाही.”

मी वाद घातला. माझ्याजवळ वाचलेले सगळे होते. न्यायशास्त्र होते, इतिहास होता, पीडितांचा हक्क होता. त्या ऐकत होत्या. शेवटी मी म्हणालो, “आणि अश्विनीचं काय?”

 “तिच्यापुढं माझ्याजवळ उत्तर नाही,” त्या म्हणाल्या. “तुमच्यापुढं आहे, तिच्यापुढं नाही.”

मग त्यांनी संपतच्या आईची गोष्ट सांगितली. सोनाबाई त्याच गावात राहतात. खून झाल्यावर गावाने त्यांची पाण्याची पाळी बंद केली होती. बाई स्वतः विहिरीवर गेल्या आणि चार माणसांदेखत म्हणाल्या, “पाळी तिची आहे. तिला द्या.” बस्स, तेवढेच. पुढे वर्षभर दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. मग एका सकाळी सोनाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. उंबऱ्याच्या बाहेरच.

“आवं बाई, मी माफी मागाया न्हाई आले. कुठल्या तोंडानं मागू? फकस्त एक इचाराया आले. तुमी शिकल्याल्या हाय. त्येला न्हेत्याल तवा मला आदी कळवत्यात का?”

“मराठी शिकवण्यात जन्म गेला माझा,” बाई मला म्हणाल्या, “पण त्या प्रश्नाला द्यायला एक शब्द सापडला नाही. कळवतात, असं सांगू? की नाही कळवत, असं सांगू? कोणतं उत्तर बरं, तुम्ही सांगा.”

 

त्यानंतर बाईंनी राष्ट्रपतींना पत्र लिहिले आणि मला तपासायला दिले. मी सवयीने त्यात करुणा, मानवता, संतांची भूमी असे बरेच काही घातले. त्यांनी पेन्सिल घेऊन सगळे काढून टाकले. उरले ते एवढेच:

“मी विमल माने, निवृत्त शिक्षिका. संपत याने माझा भाऊ, भावजय आणि भाचा यांना मारले. त्याचा गुन्हा खरा आहे. त्याने मरेपर्यंत तुरुंगात राहावे असे मला वाटते. परंतु आमच्या दुःखाचे कारण देऊन त्याचा जीव घेतला जाऊ नये, ही विनंती. माझी भाची अश्विनी हिचे मत याहून वेगळे आहे. तेही आपण विचारात घ्यावे.”

शेवटची दोन वाक्ये वाचून मी म्हणालो, “बाई, ही काढा. यानं तुमचीच बाजू लंगडी होते.”

“माझी बाजू लंगडीच आहे,” त्या म्हणाल्या. “तशीच जाऊ दे दिल्लीला.”

साताऱ्याच्या टपाल कचेरीत पत्र नोंदवायला मी त्यांच्यासोबत गेलो. खिडकीतल्या कारकुनाने पत्ता वाचला, चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले आणि म्हणाला, “राष्ट्रपतींना व्हय? बरं. पण पिनकोड ऱ्हायला की.” बाईंनी तो आधीच शोधून चिठ्ठीवर लिहून आणला होता.

अश्विनी सभेनंतर त्याच संध्याकाळच्या एसटीने सांगलीला निघून गेली होती. सात महिने तिने आत्याशी बोलणे टाकले. मग बाईंना ताप आल्याचे कोणीतरी कळवले, तशी ती आली. ताप पाहिला, रक्तदाब तपासला, गोळ्या डब्यात लावून दिल्या आणि म्हणाली, “मी नर्स म्हणून आलेय. भाची म्हणून राग आहे अजून.”

बाईंनी विचारले, “नर्सला चहा चालतो का?”

आता ती दर महिन्याला येते. मत बदललेले नाही. दोघींपैकी कोणाचेच नाही. पत्राच्या विषयावर बोलणे निघाले की दोघी भांडतात, आणि भांडून झाल्यावर एका ताटात जेवतात. मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. लोकशाही या विषयावर मी शेकडो व्याख्याने दिली, पण तिचे इतके चांगले उदाहरण मला एकाही व्यासपीठावर देता आले नाही.

माझ्यापुरते सांगतो. संपतविषयी माझ्या मनात आजही दया नाही. ती मला जमत नाही आणि जमल्याचे ढोंग मी करणार नाही. पण मोर्चापुढे उभे राहून, हजार माणसांच्या तोंडून एका माणसाचा जीव मागवायचे काम मी सोडले आहे. अलीकडे दुसऱ्या एका गावातले लोक तसल्याच सभेसाठी आले होते. मी त्यांना नाही म्हटले. “सर, तुमी बी मऊ झाला की,” त्यांतला एक म्हणाला. म्हणू दे. गर्दीला घोषणा द्यायला फार धैर्य लागत नाही, हे तिला आयुष्यभर घोषणा पुरवलेला माणूस सांगतो आहे. धैर्य लागते ते पटांगणभर आपलीच माणसे बसलेली असताना, आपल्याच घरचे रक्त सांडलेले असताना, कागद हातात घेऊन ‘माझी संमती नाही’ म्हणायला. सरकार फाशी देते तेव्हा ती तुमच्या-माझ्या नावाने देते. ज्याला ती मान्य आहे त्याने मान डोलवण्याआधी अश्विनीसारखा उंबरा धुतलेला असावा, आणि सोनाबाईंच्या प्रश्नाला उत्तर तयार ठेवलेले असावे. माझ्याजवळ यांतले काहीच नव्हते, आणि तरी पाऊण तास मी बोललो होतो.

दिल्लीहून उत्तर अजून आलेले नाही. पोस्टमन गावात शिरला की दोन घरांची दारे उघडतात, बाईंचे आणि सोनाबाईंचे.

ते कधीतरी येईल. दया मिळाली, तर अश्विनीजवळ बसायला कोणीतरी लागेल. नाकारली गेली, तर सोनाबाईंच्या दारात जाऊन सांगायला कोणीतरी लागेल. ही दोन्ही कामे करू शकेल असे माणूस त्या गावात एकच आहे आणि त्यांना यंदा पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांचे गुडघे दुखतात आणि सोनाबाईंच्या घराकडे जाताना चढ लागतो. ते गुडघे टिकोत, नजर टिको, आवाज खणखणीत राहो. बाई, शंभरी पार करा. उत्तर कोणतेही येवो, ते अश्विनीला आणि सोनाबाईंना वाचून दाखवायला तुम्हीच हव्या आहात.