धुळ्याच्या स्पेलिंगपायी चालू राहिलेली मोटर

१. मंगळवारी पिंपळनेरजवळ एका शेतात आमच्या कंपनीचा ठिबक सिंचनाचा कंट्रोलर बसवला.
२. विहिरीतलं पाणी तळाला गेलं.
३. मोटर आपोआप बंद व्हायला हवी होती. झाली नाही.

शेताचे मालक नाना स्टार्टरजवळच उभे होते. "पाणी सरनं तरी मोटर चालूच शे, ताई! तुमना डबा झोपी गया का?"

मी हातानेच मोटर बंद केली. गरम झाली होती, पण वाचली... या उन्हात ती जळली असती, तर तिचं वाइंडिंग भरून येईपर्यंत नानांची पपई टिकली नसती.

जळगावला पिंप्राळ्याच्या ऑफिसात आल्यावर आमचे सर म्हणाले, "सेन्सरची वायर सैल असेल." नव्हती. मी तिथेच तपासली होती.

मग मी कंट्रोलरच्या चिपमध्ये भरायच्या धुळ्याची आणि जळगावची, दोन्ही फाइली शेजारी ठेवल्या. साइज अगदी सारखी... म्हणजे विहिरीचं पाणी संपल्यावर मोटर थांबवणारा भाग धुळ्याच्या फाइलमध्ये गेलाच नव्हता.

आमचा सी प्रोग्रॅम एकच आहे. जळगावची गिऱ्हाइकं टाकीवाली, धुळ्याकडची विहिरीवाली. म्हणून विहिरीचा भाग #ifdef या अटीत ठेवलाय. कंपाइल करताना, म्हणजे चिपसाठी फाइल बनवताना, गावाचं नाव दिलं तरच तो घेतला जातो, नाहीतर गुपचूप वगळला जातो.

सरांनी प्रोग्रॅममध्ये लिहिलं होतं DHULIA. मी कंपाइल करताना नाव दिलं DHULE.

"अगं, आम्ही शाळेपासून धुलियाच लिहितो. गाव तर एकच ना?"

"आपल्याला एक, सर. कंपायलरला दोन."

सर हसले. मी नाही... कारण खरी चूक स्पेलिंगची नव्हतीच. अट गावाची नको होती, विहिरीची हवी होती. उद्या जळगावात कोणी विहिरीवर मोटर लावली, तर स्पेलिंग बरोबर असूनही ती जळेल.

आता गावांची नावं काढून टाकली आहेत. VIHIR किंवा TAKI, एक द्यावंच लागतं. दोन्ही नसतील तर #error येतो आणि प्रोग्रॅम बनतच नाही.

काल नवी चिप बसवली. पाणी खाली गेलं, मोटर थांबली. नाना म्हणाले, "आते बरं व्हयनं." त्यांनी वेळेवर हाक मारली, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

हे तुम्हाला लिहिण्याचं कारण, आपल्या कॉलेजच्या बॅचमधल्या काही जणांनी हा कोड माझ्याकडून नेला आहे. तुमच्याकडचा कंट्रोलर विहिरीवर असेल, तर पाणी संपल्यावर मोटर थांबते का, ते स्वतः उभं राहून बघा... आणि शनिवारपर्यंत मला कळवा. थांबत असेल तरीही.