तानाबाईचे चार उपास

तानाबाईच्या घरात देव वाढले ते पावसाळा सरता सरता. आधी फक्त सोमवार होता, महादेवाचा. मग अंबाबाईचा मंगळवार आला, दत्ताचा गुरुवार आला आणि शेवटी मारुतीचा शनिवार. आठवड्यातले चार दिवस बाई उपाशी. फुलेवाडीतल्या त्यांच्या गल्लीत बायका म्हणायला लागल्या, तानाबाई फार देवाची झाली.

देवाची कसली! नवरा गणपतराव शिरोलीला एका फौंड्रीत होता. फौंड्रीचं काम घटलं आणि त्याला आठवड्यातून तीनच दिवस बोलावणं येऊ लागलं. उरलेले दिवस तो उंबऱ्यात बसून तंबाखू मळायचा. त्यात मुलगी स्वप्नाली पोलीस भरतीच्या मागे लागलेली. ती रोज पहाटे रंकाळ्यावर पळायला जायची. तिथल्या सरांनी खुराक सांगितला होता: दोन अंडी, दूध, केळी, भिजवलेले हरभरे. सरांचं काय जातंय सांगायला! पण तानाबाईनं ते मनावर घेतलं. काय वाट्टेल ते होवो, पोरीच्या ताटातलं कमी करायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं.

करण्यासारखं होतं ते सगळं तिनं करून बघितलं. शाळूची ज्वारी महाग, म्हणून रेशनच्या तांदळाच्या भाकऱ्या केल्या. भाजीच्या जागी चटणी आणि तिच्यावर तेलाची धार. आठवड्यातून दोनदा हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं. गणपतराव वाटी तोंडाला लावायचा आणि कुरकुरायचा, "हुलगं घोड्याला घालत्यात गं."

"मग पळा की घोड्यावानी," तानाबाई म्हणायची.

पण पिठाचा डबा काही थट्टेनं भरत नाही. एका सोमवारी भाकऱ्या दोघांपुरत्याच झाल्या. स्वप्नालीनं विचारलं, "आई, तुझं ताट?" तानाबाईच्या तोंडातून निघून गेलं, "माझा उपास हाय आज."

उपास म्हटलं की कुणी पुढं विचारत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं. खरा उपास तर तिला परवडलाच नसता. शाबू, शेंगदाणे, वरी, बटाटे. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात ते काय उगीच नाही. तानाबाईचा उपास कोऱ्या चहावर निभायचा. देवाच्या नावानं खोटं बोलतोय याची तिला आतून भीती वाटायची. दिवा लावताना ती मारुतीच्या तसबिरीकडं सरळ बघायची नाही.

त्याहून मोठी भीती पोरीची होती. एवढं करूनही स्वप्नालीच्या अंगाला काही लागत नव्हतं. गालफडं बसलेली, डोळे आत गेलेले. पळता पळता ही चक्कर येऊन पडली तर, या एकाच विचारानं तानाबाईला पहाटे जाग यायची. दोन भरत्यांत पोरगी थोडक्यात राहिली होती. "औंदा न्हाय झालं तर गप एखाद्या दुकानात कामाला लाग," असं बापानं सांगून टाकलं होतं. म्हणजे यंदाचं ग्राउंड, भरतीची पळायची परीक्षा, हे शेवटचंच.

एक दिवस नळावर शेजारच्या अक्काताईनं गाठलंच. "एवढं उपास कशापायी गं?"

आता काय सांगायचं? घागर तर भरता भरेना. "पोरीसाठी नवस बोललोय," तानाबाई म्हणाली आणि घागर उचलून चालायला लागली. स्वप्नाली मागं दारातच उभी होती, हे तिला वळल्यावर दिसलं. पोरीनं पुढं येऊन घागर तेवढी घेतली. तानाबाईला वाटलं, सुटलो.

ग्राउंडची तारीख आली ती नेमकी शनिवारची. आदल्या रात्री स्वप्नालीनं ताट बाजूला सारलं. "पोटात गोळा आलाय आई, न्हाय जात." परीक्षेच्या आधी व्हायचंच असं, म्हणून तानाबाईनं मनाची समजूत घातली. कुणाकडून तरी शाळूचं पीठ मागून आणलं होतं. पहाटे उठून तिनं त्याच्या चार भाकऱ्या थापल्या, खर्डा वाटला आणि फडक्यात बांधलं. पळून आल्यावर पोरीला लागेल. दूध, अंडी आणि केळी पोरीच्या हातात दिली आणि पाणी तापवायला ती मागच्या दारी गेली.

मायलेकी पोलीस मैदानाच्या गेटवर पोचल्या तेव्हा नुकतं उजाडलं होतं. आत नंबर पुकारत होते. स्वप्नालीनं कागद काढून घेतले आणि पिशवी आईकडं दिली. पिशवी जड लागली म्हणून तानाबाईनं आत हात घातला. दोन्ही अंडी सालासकट तशीच. केळी तशीच. दूध बाटलीत ओतून ठेवलेलं, झाकणापर्यंत.

"हे काय गं?"

"उपास हाय माझा," स्वप्नाली म्हणाली. "तू माझ्यापायी चार-चार उपास करतीस. आज मारुतीचा वार, बळाचा देव. मी काल दुपारपास्नं धरलाय तुझ्यासंगं."

तानाबाईनं पिशवीतलं केळं बाहेर काढलं. कालपासून पाण्याच्या घोटावर असलेली पोरगी आता आठशे मीटर पळणार!

"खा आधी. ते केळं खा."

"आज उपास मोडू? नवसाचा?"

"न्हाय गं कसला नवस!" तानाबाई ओरडलीच. रांगेतल्या दोन पोरी मागं वळल्या. "देवाचा उपास न्हवं त्यो. पीठ पुरत नव्हतं. तिघांचं होत नव्हतं म्हणून म्हणायचो उपास. झालं समाधान? खा आता."

स्वप्नाली आईकडं बघतच राहिली. आईच्या मनगटातल्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकत होत्या. हे आजवर दिसलं कसं नाही? तिला रडू आलं नाही, राग आला.

"आधी तू खा," ती म्हणाली. "माझ्यासमोर. न्हायतर मी आत जात न्हाय."

"नंबर लागंल बाई तुझा!"

"लागू दे."

पोरगी हट्टाला पेटली की बापाच्या वरताण. तानाबाईनं फडकं सोडलं आणि भाकरीचा तुकडा खर्ड्याला लावून तोंडात घातला. मगच स्वप्नालीनं केळं खाल्लं, अर्धं दूध पिऊन घेतलं, आणि नंबर ऐकून पळतच आत गेली.

भिंतीपलीकडचं काही दिसत नव्हतं. शिट्ट्या तेवढ्या ऐकू यायच्या. प्रत्येक शिट्टीला तानाबाईला वाटायचं, पडली. आणि प्रत्येक वेळी हात फडक्याकडं जायचा. इतके दिवस गप्प बसवलेली भूक एका घासानं उठून बसली होती. पोरीसाठी ठेवायचं, ठेवायचं, असं ती मनात घोकत होती आणि तोंड चालूच होतं. भानावर आली तेव्हा फडक्यात खर्ड्याचा डाग तेवढा उरला होता.

चारही भाकऱ्या. पळून येणाऱ्या पोरीच्या भाकऱ्या तिनं खाल्ल्या होत्या. आता पडली तर हिला घालू काय?

ऊन चढल्यावर स्वप्नाली बाहेर आली. चेहरा लालबुंद, गुडघ्याला माती, पण स्वतःच्या पायांनी चालत. "तिसरी आले आई, आमच्या गटात," ती धापा टाकत म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली. "भाकरी दे. लय भूक लागल्या."

 तानाबाईनं रिकामं फडकं पुढं केलं.

"सगळ्या खाल्ल्यास? एवढी भूक होती तुला?"

तानाबाईनं मान खाली घालूनच होय म्हटलं.

स्वप्नालीनं फडकं हातात घेतलं, उलटंपालटं करून बघितलं आणि तिथंच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, ते तोंडाला लावून हमसून हमसून रडायला लागली.