तुरीखालची माती

मिरचीचं रोप हातात दिलं की काका ते उलटं धरत. मुळं डोळ्यांजवळ नेत, बोटांनी चोळून वास घेत. मी शेंड्यावरची कीड शोधत असले की म्हणत, "मॅडम, वरून कायले पाहून राहिल्या? खायाचं तोंड त खाली हाये."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना शिकवायला जावं आणि आपलीच फजिती घेऊन घरी यावं. केशोरीला मी कृषी सहायक म्हणून नवीनच रुजू झाले होते, काका तिथले जुने शेतकरी, आणि शिकवायची मला भारी हौस होती.

धान निघालं की काका त्याच बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, मिरची लावत. प्रत्येक खड्ड्यात आधी ओंजळभर माती टाकत, तीही धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, तुरीच्या मुळांजवळून उकरलेली. कशासाठी, तर म्हणे, "बांधी चार महिने पाण्यात राहते, तिची माती झोपते. धुऱ्याची जागी राहते."

मला हसू आलं. अर्धी बांधी मी प्रात्यक्षिकासाठी मागून घेतली, ट्रेमधली निर्जंतुक रोपं लावली आणि पाटी ठोकली. माझ्या भागात धुऱ्याची माती नको, रोग येतील, असं बजावलंही.

"तुमचं राज्य," काका म्हणाले.

जानेवारीत तलावाची पाळ पाझरू लागली आणि दुरुस्तीसाठी पाट बंद झाला. काकांची सगळी मिरची या एकाच बांधीत होती. दुपारी दोन्हीकडची रोपं माना टाकत. संध्याकाळी त्यांची उभी राहत, माझी तशीच पडून असत. शेवटी मी दोन्हीकडचं एकेक रोप उपटलं. माझ्या रोपाची मुळं स्वच्छ निघाली, त्यांच्या रोपाच्या मुळांना माती घट्ट धरून होती. तेव्हा परीक्षेत लिहिलेलं आठवलं. मुळांत राहणारी एक बुरशी असते, तिचे धागे मुळं पोचत नाहीत तिथली ओल आणून देतात. साचलेल्या पाण्यात ती कमी होते, तुरीच्या मुळांत टिकते.

काकांना सांगितलं तर म्हणाले, "बुरशी? ते त लोणच्याले येते."

शेतीशाळेचा, शेतकऱ्यांना प्रात्यक्षिक दाखवायचा, दिवस आधीच ठरला होता. तोवर माझ्या ओळी वाळून गेल्या. पाटी काढून टाकावी म्हणून मी सकाळीच गेले, तर ती काकांच्या हिरव्या भागात रोवलेली.

"तुमची नवी नोकरी हाये," ते हळूच म्हणाले. "लोकं आले की हेच दाखवा."

त्यांची अर्धी मिरची माझ्यामुळे गेली होती आणि ते माझी लाज झाकत होते. मला रडूच आलं.

लोक जमल्यावर मी त्यांना आधी मेलेल्या ओळींत नेलं. म्हटलं, "ही माझी मिरची. ती हिरवी काकांची. माती कशी घ्यायची ते त्यांनाच विचारा." काका इतके लाजले की सगळ्यांकडे पाठ करून त्यांनी तुरीलाच सांगितल्यासारखं सांगितलं.

आता काका नाहीत. यंदा धान कापून झालं तेव्हा शेजारच्या दोन गावांतली माणसं घमेली घेऊन त्यांच्या धुऱ्यावर आली होती. काकू तुरीखाली बसून माती उकरून देत होत्या. मी मदतीला वाकले.

"हळू, मॅडम," काकू म्हणाल्या. "मुळं राहू द्या. मागून आणखी लोकं येऊन राहिले."