बाबांचा निळा

बाबांना साखर निघाली तेव्हा, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, आमच्या टेमघरच्या घरात एक काचेची नळी आली. बोटाला टोचून आकडा सांगणारं यंत्र आम्ही पाहिलंही नव्हतं. घरी लघवी तपासायची. नळीत चमचाभर निळं औषध, त्यात लघवीचे आठ थेंब, मग स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर आहे, पिवळं-नारिंगी झालं तर जास्त, आणि विटेसारखं लाल झालं तर डॉक्टरकडे पळा. मी अकरावी सायन्सला होते, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं.

काम सोपं होतं. अवघड होते ते बाबा.

ते डाईंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, रंग जुळवायचे. रंगवलेला ताका व्यापाऱ्याच्या नमुन्याशी जुळला असं त्यांनी सांगितलं की मगच माल बाहेर जायचा. पंचवीस वर्षं हेच. त्यामुळे नळी उकळायची मी, पण रंग सांगणार तेच. दारात उजेडाला धरून, एक डोळा बारीक करून बघायचे आणि वहीत लिहायचे: निळा.

"बाबा, हिरवा आहे."

"निलाच हाय. आता तू मला रंग शिकवनार?"

रोज सकाळी हीच कटकट. आई त्यांचीच बाजू घ्यायची. "आख्खी डाईंग त्यांच्या डोल्यावर चालते," म्हणायची. चहातली साखर सोडायला नको म्हणून हे सोंग चाललंय, अशी माझी खात्री होती. एकदा मी तोंडावर म्हटलंही, "खोटं लिहिता तुम्ही." त्यांनी वही खिशात घातली आणि ड्युटीवर गेले. डॉक्टरकडेही ते तिकडूनच परस्पर जायचे. पानभर निळा बघून डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. त्या दिवशी संतापाने मी जेवलेही नाही.

चार महिन्यांनी एकदा ते भरदुपारी घरी आले, शिफ्ट अर्धी टाकून. त्यांनी पास केलेला सगळा लॉट व्यापाऱ्याने परत पाठवला होता आणि सेठने त्यांना घरी बसायला सांगितलं होतं. चपला न काढताच ते खाटेवर टेकले. खिशातून कापडाचे दोन तुकडे काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवले, एक नमुन्याचा, एक लॉटमधला.

"हे दोनी सारखंच हाय ना?"

एक निळा होता. दुसरा हिरवा, नळीत रोज दिसायचा तसा.

मला राग आला, आणि तो कुणावर काढायचा तेच कळेना. चार महिने मी या माणसाला खोटारडा समजत होते. साखरेने डोळे बिघडतात हे मी वाचलेलं होतं, पण माझं सगळं लक्ष नळीवर आणि थेंबांवर. आता "हो, सारखेच आहेत" म्हणून टाकावं असं वाटलं, पण जीभ रेटेना.

"एक हिरवा आहे, बाबा."

ते बराच वेळ तुकडे उलटेपालटे करत राहिले. मग खिशातली वही काढून माझ्याकडे सरकवली. "सगलं खोडून टाक," म्हणाले. "उद्यापासून तू लिही."

मी पेन घेतलं, पण एकही ओळ मला खोडवेना. त्यांना दिसलं तेच त्यांनी लिहिलं होतं.