ह्याला पोरगी द्यावी का?

लोकांना वाटतं, लायब्ररी चालवणाऱ्या बाईला दिवसभर पुस्तकं वाचायला मिळतात. कसलं काय. मला दिवसभर लोकांची मतं ऐकायला मिळतात.

आमची लायब्ररी सीवूड्सला, एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात. रहस्यकथा, चरित्रं वगैरे लोक मुकाट्याने परत करतात. प्रेमकथेचं तसं नाही. नायक पसंत पडला नाही तर माणसं अशी तणतणत येतात की जणू ते स्थळ मीच आणलं होतं! असे किस्से इतके साठलेत की त्यांना आता वेगळं कपाट करावं लागेल.

*

सुरुवात केली वनितामावशींनी. मावशी करावे गावातल्या. सकाळी मासळी विकायची, दुपारी टोपली धुऊन पालथी घातली की कादंबरी उघडायची. आठवड्याला दोन संपवतात.

एका कादंबरीत नायिका रुसून खाडीपलीकडे निघून जाते आणि नायक तिच्यासाठी पाण्यात उडी टाकतो. त्या प्रसंगाला आमच्या निम्म्या सभासदांनी डोळे पुसले होते. मावशींकडून पुस्तक परत आलं तेव्हा शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं, "भरती हाय का व्होटी, ते न बगता ह्यो खाडीत उतारला. अशाला कोन पोरगी देल?"

लायब्ररीच्या पुस्तकात लिहायचं नसतं, हे मी त्यांना सांगणारच होते. पण तोवर पुस्तक पुढच्या सभासदाकडे गेलं आणि परत येताना खाली आणखी एक ओळ घेऊन आलं. "खरंय. ह्याला पोहता येतं असंही लेखकाने कुठे म्हटलेलं नाही."

मग मीच हार मानली. प्रत्येक प्रेमकथेच्या शेवटी एक कोरा कागद डकवला आणि वर मथळा घातला, 'ह्याला पोरगी द्यावी का?' नियम दोनच. पेन्सिलीने लिहायचं आणि खाली नाव घालायचं नाही. नाव नसलं की माणूस खरं बोलतो. अक्षरावरून कोण ते मला कळतंच, पण मी कुणाला सांगत नाही.

*

गायकवाड मॅडम मूळच्या परभणीच्या. पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला आहेत. कामगार किती वाजता आला, किती वाजता गेला, हे बघण्यात बाईंची वीस वर्षं गेली. त्यांच्या हातात एक कादंबरी पडली, जिचा नायक मोठा उद्योगपती होता. रुबाबदार, तापट, काळी गाडी, सगळं साग्रसंगीत.

मॅडमनी कागदावर चक्क हजेरी मांडली. "एकूण पानं दोनशे बारा. कामावर हजर, दोन वेळा. त्यातल्या एका वेळी साहेब फक्त नायिकेला बघायला केबिनबाहेर आले, म्हणून ती धरलेली नाही. पोरगी देऊ नये."

मी म्हटलं, "मॅडम, प्रेमकथा आहे हो. त्यात कारखाना कोण बघतं?"

"असू द्या की प्रेमकथा. पण हा इथं बागेत फिरायलाय, तर तिकडं कंपनी कोण चालवायलंय? त्या माणसाचं नाव सांगा, त्याला देऊ पोरगी."

*

तेजल करंजाड्याहून येते, शनिवारी. आयटीत आहे. तिची पद्धत वेगळी. नायकाने नायिकेचा फोन तपासला, न विचारता तिच्या ऑफिसबाहेर येऊन उभा राहिला, की त्या पानाला लाल चिकटचिठ्ठी. एका कादंबरीला तिने इतक्या चिठ्ठ्या लावल्या की पुस्तक मिटेना.

त्या दिवशी आमच्या जुन्या सभासद सुर्वे काकू शेजारी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, हे काय गं? तेजलने समजावून सांगितलं की याला रेड फ्लॅग म्हणतात, म्हणजे पुरुषातली धोक्याची खूण. चांगली खूण असेल तर तो ग्रीन फ्लॅग.

काकूंनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आमच्या ह्यांच्यात लाल झेंडा एकही नाही. हिरवाही नाही. लग्नाला चाळीस वर्षं झाली, झेंडावंदन म्हणून काही झालंच नाही बघ."

आम्ही दोघी हसून बेजार. हसू ओसरल्यावर माझं लक्ष गेलं, तर कपाटाच्या पलीकडे सुर्वे काका काकूंची पिशवी धरून उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. काही बोलले मात्र नाहीत. ते कधीच बोलत नाहीत.

*

दोनेक महिन्यांनी काका दुपारचे एकटेच आले. काका म्हणजे निवृत्त ड्राफ्ट्समन, मशीनच्या भागांची ड्रॉइंग काढण्यात आयुष्य गेलेलं. पिशवीतून त्यांनी एक स्पायरल बाइंडिंग केलेली कादंबरी काढली आणि म्हणाले, एका मित्राने लिहिली आहे, ठेवता का प्रेमकथांत?

कव्हरवर लेखकाचं नाव काहीतरी दुसरंच होतं. पण कादंबरीचं नाव पट्टी ठेवून लिहावं तशा सरळ, कोरीव अक्षरात होतं आणि ते अक्षर मी त्यांच्या सभासदत्वाच्या फॉर्मवर पाहिलेलं होतं. मी कव्हरवरून नजर उचलून त्यांच्याकडे बघितलं. काका खुर्चीवर बसले.

"मीच लिहिलीय. हिला सांगू नका," ते म्हणाले. "मी काही केलं तरी ही 'बरंय' म्हणते. नवीन शर्ट आणला, बरंय. घर घेतलं, बरंय. रिटायर झालो, तरी बरंय. एकदा तरी तिला खरं काय वाटतं ते मला कळू दे. तुमच्या त्या कागदावर ती खोटं लिहीत नाही."

इतकं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. मला फार वाईट वाटलं आणि थोडी भीतीही वाटली. माझे वाचक काय चीज आहेत, हे मला ठाऊक होतं.

*

झालंही तसंच. पुस्तक सगळ्यात आधी गायकवाड मॅडमनी नेलं. "एक दांडी सोडली तर कामावर पूर्ण हजेरी. असा नायक पहिल्यांदा पाहिला. पण कामावरून घरी आल्यावर गैरहजर. विचार करून द्यावी."

तेजलने चौदा लाल चिठ्ठ्या लावून आणल्या. "हा बोलत का नाही? मनातल्या मनात आठ-आठ पानं प्रेम करतो. तिला कळणार कसं? नाही."

वनितामावशी तेवढ्या पाघळल्या. एकेचाळिसाव्या पानावर नायिका तापाने फणफणलेली असते आणि नायक कामाला दांडी मारून तिला चहा करून देतो. मावशींनी लिहिलं, "चा करून देतय. द्या पोरगी."

पुस्तक परत आलं की काका येऊन कागद वाचत. चौदा चिठ्ठ्या बघून त्यांचा चेहरा पार उतरला. म्हणाले, "ताई, काढून टाका हे पुस्तक. हिच्या हातात पडायला नको."

मी म्हटलं, "काका, काकूंनी ते सांगूनच ठेवलंय. आता त्यांचाच नंबर आहे."

*

एरवी काकूंना एक कादंबरी चार दिवस पुरते. ही त्यांनी तीन आठवडे ठेवली. मधे एकदा काका हळूच सांगून गेले, की ती बाल्कनीत बसून वाचते, काल एकदा हसली, पण कुठल्या पानावर ते विचारायचं धाडस झालं नाही.

शेवटी एका गुरुवारी दोघं आले. काकूंनी पुस्तक काउंटरवर ठेवलं. मी विचारलं, कसं वाटलं? "बरंय," म्हणाल्या आणि शेजारी भाजी घ्यायला निघून गेल्या.

काकांचा चेहरा मला बघवेना. मी शेवटचं पान उघडून पुस्तक त्यांच्याकडे फिरवलं. काकूंचं बारीक, गोल अक्षर होतं.

"पान एकेचाळीस. चहा ह्यांनी केला नव्हता. शेजारच्या नाईकवहिनींनी आणून दिला होता, ह्यांनी फक्त कपबशी धरली होती.

पोरगी द्यावी का? माझ्या वडिलांनी दिली. पहिली दहा वर्षं वाटायचं, चुकले. नाही चुकले."

काकांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. बाहेर काकू भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून हुज्जत घालत होत्या. काकांनी त्यांच्याकडे बघितलं, मग काउंटरवर वाकून अगदी हळू आवाजात मला विचारलं,

"ताई, दोन कप चहाला साखर किती घालतात?"