थर्मासातला उंबर

साहेबराव उंदरांशी बोलतात, हे त्या औषधनिर्माण महाविद्यालयात सगळ्यांना ठाऊक होतं. प्राणिघरात एकतीस वर्षं काढलेला माणूस दुसऱ्या कुणाशी बोलणार? पिंजऱ्यातलं तूस बदलता बदलता ते विचारत, "काय पाटील, झोप लागली का?" आणि लाल डोळ्यांचे ते पांढरेशुभ्र पाटील मिशा हलवून उत्तर देत. निवृत्तीला दोन महिने उरले होते.

तेवढ्यात वैजापूरची सायली आपल्या प्रबंधाचं काम घेऊन आली. उंबराच्या सालीचा अर्क पोटातला अल्सर आधीच अडवतो का, हे तिला तपासायचं होतं. साल साहेबरावांनीच करमाडहून, भावाच्या बांधावरच्या झाडाची आणून दिली. "ताई, पोटात आग पडली की आमची माय हेच उकळून पाजायची."

सहा उंदरांना सात दिवस अर्क, दुसऱ्या सहांना नुसतं पाणी. आठव्या दिवशी सगळ्यांना सांधेदुखीच्या गोळीचा जबर डोस द्यायचा, म्हणजे पोटात जखमा होतात. मग त्यांना कायमचं झोपवून जखमा मोजायच्या.

गोळीचं नाव साहेबरावांच्या ओळखीचं होतं. चार वर्षांपूर्वी गुडघ्यांसाठी तीच गोळी उपाशीपोटी खाऊन ते रक्त ओकले होते, नऊ दिवस घाटी दवाखान्यात पडून होते. ती आग त्यांना पक्की ठाऊक. पाण्यावरच्या सहांकडे त्यांच्यानं बघवेना.

छावणीतल्या घरी बायकोनं, सत्यभामाबाईंनी हटकलं, "रोज थर्मास भरून काढा कुणाला नेता हो?"

"दोस्तांना."

"दोस्तांचं पोट दुखतं व्हय?"

"दुखणार हाय."

आणि रोज संध्याकाळी त्या सहांच्या बाटल्यांत पाण्याऐवजी उंबराचा काढा जाई. सकाळी ताई यायच्या आत बाटल्या धुवून पुन्हा पाणी.

नवव्या दिवशी सायलीच्या मार्गदर्शक सरांच्या खोलीतून आवाज चढला. "दोन्ही गटांत फरकच नाही? सायली, अर्क दिलास, की घरी बसून आकडे लिहिलेस?"

"दिला सर! खरंच दिला."

साहेबराव दारात येऊन उभे राहिले. सांगायचं ते वाटेत घोकून आले होते. हातातला थर्मास त्यांनी सरांच्या टेबलावर ठेवला.

"चूक ताईची नाय सर. पाण्यावरच्यांना म्या काढा पाजला. सातही दिवस."

सरांनी थर्मासाचं झाकण उघडून वास घेतला. मग हलकेच म्हणाले, "साहेबराव, आता सगळं पुन्हा करावं लागेल. आणखी बारा जीव. तुम्ही सहांची आग चुकवायला गेलात, आणि..."

साहेबरावांनी टेबलावरचा थर्मास उचलला.

बाहेर सायली त्यांच्यावर उखडली. "मामा, मला एका शब्दानं सांगायचं तरी!" मग डोळे पुसत म्हणाली, "या वेळी तुम्ही सुट्टी घ्या. मी करते एकटी."

"नाय ताई. माझ्यापायी येणार ते बारा जीव. त्यांच्याजवळ म्याच पायजे."

नवे बारा आले. पहिल्याच संध्याकाळी साहेबराव थर्मास घेऊन प्राणिघरात शिरले, तशी सायली आडवी आली.

"हुंगा की," ते म्हणाले.

तिनं झाकण उघडलं. आल्याचा चहा.

"तुमच्यासाठी धाडलाय सत्यभामेनं. पोरगी वाळली म्हणती."

मग त्यांनी सहा बाटल्या नळाखाली भरल्या, एकेक उजेडाला धरून तिला दाखवली आणि पिंजऱ्याला लावली. शेवटच्या उंदराला ओंजळीत घेऊन पाठीवरून बोट फिरवलं.

"पाटील, या खेपेला पाणीच हाय बाबा. पन म्या हितंच बसलोय."

आणि स्टूल ओढून ते बसले. आठव्या दिवशीही ते तिथंच होते, पाण्यावरचा सहावा कायमचा शांत होईपर्यंत.