इसाराचा गूळ

मी चौथी पास होते. आमच्या आळीत तेव्हा एवढं शिकलेली दुसरी बाई नव्हती आणि मला त्याचा केवढा तोरा! आमच्या ह्यांना तर माझ्याहून जास्त. मिठागरावरच्या गड्यांना सांगायचे, "आमच्या घरान वकील हाय."

त्या मिठागरात आमचा चार आण्यांचा वाटा होता. हे मिसरूड फुटायच्या आधीपासून खाऱ्या पाण्यात उभे. टाचांना अशा भेगा की मी रोज कोकमाचं तेल गरम करून भरायची आणि दुसऱ्या दिवशी परत त्यात मीठ शिरायचं. हे दात आवळून हसायचे. मला ते हसणं बघवायचं नाही. ह्यांना मिठातून बाहेर काढायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

नवे पैसे सुरू झाले त्या सुमाराला मुंबईच्या एका चहा कंपनीचे साहेब पनवेलच्या बाजारात आले. एजन्सी द्यायची होती. कंपनीच्या नावाची पाटी मिळणार, तालुक्यात दुसऱ्या कुणाला तो चहा विकता येणार नाही. सुरुवातीला मात्र एकरकमी फी. माणूस लबाड होता असं म्हणायला मला आवडलं असतं, पण नव्हता हो.

आम्ही वाटा विकला. कागद आला तसा ह्यांनी माझ्या हातात दिला. "वाच गो."

मी मोठ्यानं वाचला, बोट फिरवत. 'सदर फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.' मी मान डोलावली. आम्हाला त्यात नवीन काय होतं? मिठाचा व्यापारी सौदा करताना इसार द्यायचा. माल उचलला की इसार किमतीत वळता व्हायचा, शब्द फिरवला तर बुडायचा. परत न मिळणं हे शब्द फिरवणाऱ्यासाठी, आणि आम्ही थोडाच फिरवणार होतो! "इसारच हाय," मी ह्यांना म्हटलं. ह्यांनी अंगठा उठवला. इसार झाला की दोघांनी गूळ खायचा, म्हणून मी गुळाची वाटी पुढे केली. साहेबांनी खडा तोंडात टाकला. "छान आहे हो गूळ," म्हणाले.

बाजारात गाळा भाड्यानं घेतला, पाटी लागली. ह्यांनी जन्मात पहिल्यांदा चपला घेतल्या. माल येईपर्यंत महिनाभर वाट बघितली आणि तेवढ्यात टाचा भरून आल्या. मी हात फिरवून बघायची, अगदी मऊ.

माल काही आला नाही, साहेब आले. "मालाचे पैसे पाठवले नाहीत तुम्ही?"

"दिलं ना इसारान," हे म्हणाले.

"कसला इसार? ती कंपनीचं नाव वापरायची फी. माल वेगळा."

मी कागद आणला. वरून खाली वाचला, परत वाचला. इसार कुठंच नव्हता. तो मी माझ्या मनानं भरला होता, जळली मेली माझी चौथी!

मालाला पैसे आणायचे कुठून? वाटाच गेलेला, तारण काय ठेवणार? पाटी कंपनीची, ती साहेबांनी उतरवून नेली. जाताना बिचारे ओशाळले होते. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं म्हणतात, आमच्या हाती तेही नाही.

हे परत मिठागरावर गेले. त्याच मिठागरावर, रोजानं. चपला खुंटीला टांगल्या त्या कायमच्या. पहिल्याच आठवड्यात टाचा उलल्या.

मी भाकरी घेऊन गेले होते तेव्हा गडी चेष्टा करत होते. "काय चहावाले शेठ! तुमच्या वकिलान काय वाचला मग?"

हे खाली बघूनच म्हणाले, "तिला कागद दावलाच नाय मी. मीच येडा, दिला अंगठा मारून."

सगळे हसले. मी तिथंच उभी होते, डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन. नाही, मी वाचला होता, एवढंच बोलायचं होतं. तोंड उघडलं नाही मी. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही.

हे जाईपर्यंत गावानं त्यांना येडा शेठच म्हटलं. आणि आळीतल्या बाया कागदपत्रं वाचायला माझ्याकडंच आणत राहिल्या. मी वाचून देत राहिले.